बाथर्स्टची मोटार, जुन्नरचा गाडा : शर्यत थांबते तेव्हा काय उरते?

१/ २०१८ साली ऑस्ट्रेलियात एका जुन्या मोटारीचा लिलाव झाला. १९७१ सालची, चार दारांची फोर्ड फाल्कन. पाहताक्षणी साधी कौटुंबिक गाडी वाटावी अशी. बोली दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे जाऊन थांबली. ही मोटार एके काळी जेफ थॉमसन या वेगवान गोलंदाजाच्या मालकीची होती, हे तिच्या किमतीचे एक कारण. मोठे कारण निराळे होते : ज्या शर्यतीसाठी तिचा जन्म झाला, ती शर्यत त्या स्वरूपात पुढच्याच वर्षी संपली.

२/ कल्याण–नगर रस्त्याने आळेफाटा ओलांडून पूर्वेला निघाले की राजुरी लागते आणि पुढे बैलबाजारासाठी नावाजलेले बेल्हे. जुन्नर तालुक्यातील या पट्ट्याचा आणि त्या मोटारीचा वरकरणी काही संबंध नाही. पण इथलीही एक शर्यत कायद्याने थांबली होती आणि तिच्यासाठी घडवलेले वाहन मागे उरले होते. फरक असा, की ते वाहन ओढणारे बळ जिवंत होते. त्या फरकाने ‘जतन’ या शब्दाचा अर्थ कसा बदलतो, ते या थ्रेडमध्ये पाहू. आधी मोटारीची गोष्ट.

३/ न्यू साउथ वेल्स प्रांतात बाथर्स्ट नावाचे गाव आहे. तिथल्या माउंट पॅनोरमा डोंगरावरून सहा किलोमीटरहून थोडा लांब असा वळणावळणाचा रस्ता जातो. एरवी तो सार्वजनिक रस्ता. शर्यतीच्या दिवसांत धावपट्टी. फिलिप बेटावर १९६० साली सुरू झालेली पाचशे मैलांची शर्यत १९६३ मध्ये इथे आली. तिचा पाया एका साध्या नियमावर होता : शर्यतीत धावणारी मोटार सामान्य ग्राहकाला दुकानात विकत मिळणारीच असली पाहिजे.

४/ नियमाचा हेतू प्रामाणिक होता. रोजच्या वापरातली गाडी किती टिकाऊ आहे, हे लोकांना कळावे. परिणाम मात्र उलटा झाला. शर्यतीची गाडी दुकानातल्या गाडीसारखी असावी, याऐवजी कंपन्यांनी शर्यतीची गाडीच दुकानात आणून ठेवली. कौटुंबिक सांगाड्यात प्रचंड इंजिन बसवायचे, नियमाला पुरतील तेवढ्या गाड्या बनवायच्या आणि डोंगरावर उतरायचे. ज्यांना ‘मसल कार’ म्हणतात, त्या गाड्यांची ऑस्ट्रेलियन शाखा अशी वाढीला लागली.

५/ या चढाओढीचे टोक म्हणजे १९७१ ची फाल्कन जीटीएचओ फेज थ्री. आठ सिलिंडरचे, ५.८ लिटरचे इंजिन. वेग ताशी सुमारे २२८ किलोमीटर. अशा केवळ ३०० गाड्या तयार झाल्या. त्याच वर्षी अ‍ॅलन मोफॅट याने ही मोटार घेऊन बाथर्स्ट जिंकले; १९७० मध्येही तोच जिंकला होता. होल्डनची टोराना आणि क्रायस्लरची व्हॅलियंट चार्जर या तिच्या प्रतिस्पर्धी होत्या. पुढच्या वर्षी तिन्ही कंपन्या आणखी वेगवान गाड्या आणण्याच्या तयारीत होत्या.

६/ जून १९७२ मध्ये सिडनीच्या ‘सन-हेराल्ड’ वृत्तपत्रात इव्हान ग्रीन या पत्रकाराची बातमी पहिल्या पानावर आली : ताशी १६० मैल धावणाऱ्या मोटारी लवकरच रस्त्यावर येणार. प्रांताचे वाहतूकमंत्री मिल्टन मॉरिस यांनी जाहीर चिंता व्यक्त केली. अशी गाडी विशीतल्या तरुणाच्या हाती पडली तर काय होईल, हा प्रश्न घराघरांत पोचला. सरकारी खरेदीवर आणि नोंदणीवर टाच येण्याची चिन्हे दिसताच काही दिवसांतच तिन्ही कंपन्यांनी आपापल्या योजना गुंडाळल्या.

७/ फेज फोरच्या जेमतेम चार गाड्या तयार झाल्या होत्या. त्या वर्षीची बाथर्स्टची शर्यत पीटर ब्रॉक याने टोरानातून जिंकली आणि जुन्या नियमांचा तो शेवट ठरला. १९७३ पासून शर्यत हजार किलोमीटरची झाली आणि शर्यतीच्या गाडीत वेगळे बदल करण्याची मुभा मिळाली. दुकानातली गाडी आणि डोंगरावरची गाडी यांची फारकत झाली.

८/ उरलेल्या फेज थ्री गाड्यांचे पुढे काय झाले? त्या विकण्यासाठीच बनवल्या होत्या, म्हणून लोकांनी त्या वापरल्या, ठोकल्या, भंगारात घातल्या. ज्या वाचल्या, त्यांचे मोल दशकागणिक वाढत गेले. आज संग्राहक इंजिनावरचा क्रमांक ताडून पाहतो, मूळ रंग शाबूत आहे का पाहतो, गाडी किती कमी चालली आहे हे विचारतो. धावण्यासाठी जन्मलेल्या यंत्राची किंमत न धावण्याने वाढते. यंत्राचे जतन असेच होते : ते थांबवायचे, झाकायचे, गंजू द्यायचे नाही.

९/ ज्या १९७२ साली ऑस्ट्रेलियात वेगाची भीती पसरली, त्याच साली महाराष्ट्रात दुष्काळ पडला होता. चारा संपला, विहिरी आटल्या, माणसे खडी फोडायला गेली, जनावरे बाजारात मातीमोल गेली. जुन्नरच्या पूर्व भागाला, विशेषतः आणे पठाराला, पाण्याचे दुर्भिक्ष नवे नव्हते. तोवर इथल्या शेतकऱ्याची मालमत्ता मोजायची तर जमिनीनंतर बैलजोडीच मोजावी लागे. नांगर, मोट, मळणी, बाजाराची खेप, लेकीची पाठवणी : सगळे तिच्या खांद्यावर.

१०/ याच बैलाचा उत्सवी अवतार म्हणजे बैलगाडा. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, शिरूर या भागांत चैत्र-वैशाखातल्या ग्रामदैवताच्या यात्रेला गाडे पळवण्याची रीत आहे. त्यासाठी गावाबाहेर चढाची धावपट्टी राखलेली असते. तिला ‘घाट’ म्हणतात. पुण्याच्या उत्तर भागातली पद्धत इतरांहून वेगळी आहे. हलक्या दुचाकी गाड्याला चार बैल, त्यांच्या पुढे घोडीस्वार आणि एका वेळी एकच गाडा. खरी झुंज घड्याळाशी. एकेक बारी अवघ्या दहा-पंधरा सेकंदांत संपते. ‘भिर्रर्र’ ही आरोळी, भंडारा-गुलालाची उधळण आणि ‘घाटाचा राजा’ ठरण्याची ईर्ष्या त्या सेकंदांत सामावलेली असते.

११/ सातारा-सांगलीकडे दोन बैलांचा छकडा पळतो, विदर्भात शंकरपट भरतो, कोकणात समुद्रकिनाऱ्यावर गाड्या धावतात. रूपे निराळी, पण जुना संकेत एकच : शर्यतीचा बैल हा कामाचाही बैल. सोमवारी नांगराला आणि यात्रेला गाड्याला. बाथर्स्टच्या नियमाने जे साधायचा प्रयत्न केला, ते इथे नियमाविनाच होते. घाटात दिसणारी ताकद शेतात उपयोगी पडे आणि शेतात घडलेले अंग घाटात उठून दिसे.

१२/ चाकाला बैल जुंपण्याचे महाराष्ट्रातील सर्वात विलक्षण जुने चित्र राजुरीच्या ईशान्येला, प्रवरेकाठी दायमाबादला सापडले. १९७४ साली तिथे चार कांस्य वस्तू मिळाल्या : हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैल जुंपलेला रथ, त्यावर उभा पुरुष. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. काळाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी तो सामान्यतः उत्तर-हडप्पा काळातला, म्हणजे जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. तो टिकला, कारण तो धातूचा होता. ज्यांना पाहून तो घडवला, ते बैल केवळ वंशाच्या रूपानेच टिकू शकत होते.

१३/ घाटातला तो वंश मुख्यतः खिल्लार. मूळ प्रदेश माणदेश आणि आसपासचा : सातारा, सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडचा विजयपूर. पांढरा-करडा रंग, मागे झुकत गेलेली लांब कमानदार शिंगे, आटीव अंग, चपळ चाल. म्हैसूरच्या हळ्ळीकर-अमृतमहाल गटाशी त्याचे नाते सांगितले जाते. हैदर अली आणि टिपूच्या फौजांचे सामान झपाट्याने वाहणारा तो गट. म्हणजे वेग हा या जातीचा अपघाती गुण नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या निवडीने तो मुरवलेला आहे. आटपाडीजवळच्या खरसुंडीसारख्या यात्रांतील बाजार हे या निवडीचे केंद्र.

१४/ दुष्काळानंतरच्या दशकांत जुन्नर-आंबेगावचे रूप पालटले. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणे उभी राहिली. पाण्यामागून ऊस आला, कांदा-टोमॅटो आला, ट्रॅक्टर आला. मोट तर विजेच्या पंपाने आधीच घालवली होती. दुसरा बदल गोठ्यात झाला. उरुळीकांचनला १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी ‘बाएफ’ संस्था स्थापली आणि संकरित गायींचा प्रसार वेगाने झाला. दुधाने घरात रोकड आली. अनेक कुटुंबे त्यावर सावरली.

१५/ पण संकरित गायीच्या गोऱ्ह्याला भरदार वशिंड नसते. जू टेकते ते वशिंडापुढच्या मानेवर. आधार नाही तर ओढही नाही. शिवाय उन्हात त्याचा दम टिकत नाही. गाय मोलाची आणि तिचा नर निरुपयोगी, अशी विपरीत स्थिती प्रथमच निर्माण झाली. पशुगणनेत हे स्पष्ट दिसते. देशातील नर गोवंश २०१२ मध्ये सुमारे ६.७९ कोटी होता. २०१९ मध्ये तो ४.७४ कोटींवर आला. सात वर्षांत ३० टक्के घट. आता तर मादी वासरेच जन्मावीत यासाठी लिंगवर्गीकृत रेतमात्राही उपलब्ध आहेत.

१६/ शेतातून बैल असा हटत गेला तेव्हा त्याला धरून ठेवणारी दोन कारणे उरली : हौस आणि घाट. नेमके इथेच कायद्याने पाऊल टाकले. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली, खेळ-प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचे नाव घातले. त्या यादीत आधीपासून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह होते. राज्याने शर्यती थांबवल्या. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली.

१७/ ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या जल्लिकट्टूसह महाराष्ट्रातील शर्यतींवरही पडदा टाकला. न्यायालयाचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही; तो भीतीने आणि वेदनेने पळतो, असे त्यात नोंदले गेले. शेपूट पिरगळणे, चाबूक, टोकदार खिळे, विजेचा झटका हे प्रकार कल्पनेतले नव्हते. घाटाभोवतीच्या जाणत्यांनाही ते ठाऊक होते. १९७२ साली सिडनीत व्यक्त झालेली भीती जशी निराधार नव्हती, तशीच ही तक्रारही नव्हती.

१८/ पण निर्णयाच्या दुसऱ्या बाजूला एक पेच उभा राहिला. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. एका कायद्याने बैलाला मारायचे नाही, दुसऱ्याने त्याला पळवायचे नाही, आणि शेतात तर त्याला काम उरलेले नाही. ट्रॅक्टरचा हप्ता भरणाऱ्या शेतकऱ्याने दावणीला उभ्या जोडीचा वर्षभराचा चारा कोणत्या हिशेबात धरायचा? राजुरी-बेल्ह्याच्या पट्ट्यात शर्यतबंदी हा संस्कृतीच्या अभिमानाइतकाच या हिशेबाचाही प्रश्न होता. शिरूर लोकसभा मतदारसंघाच्या निवडणुकीत तो उघडपणे गाजला.

१९/ पुढचा घटनाक्रम थोडक्यात. जानेवारी २०१६ : केंद्राची सवलत आणि काही दिवसांतच तिला स्थगिती. जानेवारी २०१७ : चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी जनआंदोलन, तामिळनाडूची दुरुस्ती. एप्रिल २०१७ : महाराष्ट्र विधिमंडळाचीही दुरुस्ती. ऑगस्ट २०१७ : मुंबई उच्च न्यायालयाची स्थगिती. २०१८ : प्रकरण घटनापीठाकडे. १६ डिसेंबर २०२१ : नव्या नियमांच्या अधीन राहून शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाची अंतरिम परवानगी. १८ मे २०२३ : पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

२०/ नव्या व्यवस्थेत जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, धावपट्टीच्या लांबीला मर्यादा आहे, काठी-चाबूक आणि इजा करणारी साधने निषिद्ध आहेत. नियमभंगाला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खेळ हा संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरवण्याचे काम न्यायालयाने विधिमंडळावर सोपवले. त्यामुळे प्रश्न संपला नाही. तो घाटात उतरला. कागदावरचा नियम तिथे पाळला जातो की नाही, यावर आता या शर्यतीचा नैतिक हक्क अवलंबून आहे.

२१/ २०२२ च्या फेब्रुवारीत आंबेगाव तालुक्यातील लांडेवाडीच्या घाटात गाडे पुन्हा पळाले. लोटलेल्या गर्दीत असे तरुणही होते, ज्यांच्या कळत्या वयात अधिकृत शर्यत झालीच नव्हती. मात्र परतलेली शर्यत पूर्वीची राहिली नव्हती. घाटाचा बैल आता नांगराला जात नाही. त्याचा खुराक वेगळा, सराव वेगळा, प्रवास टेम्पोतून. नावाजलेल्या बैलाचा सौदा लाखांत होतो. बाथर्स्टवर १९७३ नंतर झालेली फारकत इथे अर्ध्या शतकाने, कोणताही नियम न बदलता झाली.

२२/ या बदलाचे चित्र २०२२ च्याच मे महिन्यात पिंपरी-चिंचवडजवळच्या चिखलीत दिसले. तिथल्या मोठ्या शर्यतीत पहिले बक्षीस जेसीबी यंत्राचे होते. इतर बक्षिसांत ट्रॅक्टरही होता. ज्या यंत्रांनी बैलाचे काम काढून घेतले, तीच आता त्याच्या वेगाचे पारितोषिक झाली. हा केवळ विनोद नव्हे. बैलाचे मोल आता शेतीतून ठरत नाही, हे त्यातून उघड होते.

२३/ आता पुन्हा त्या लिलावातल्या फाल्कनकडे पाहू. तिची शर्यत थांबली, तरी गाडी मेली नाही. पन्नास वर्षे झाकून ठेवली तरी दुरुस्तीनंतर इंजिन पुन्हा गुरगुरू शकते. तिला वेदना नाही, तसे म्हातारपणही नाही. बैलाला दोन्ही आहे. त्याची ऐन उमेदीची वर्षे मोजकी, आणि प्रत्येक पिढी नव्याने जन्माला घालावी लागते. २०१४ ते २०२१ हा काळ यंत्राला किरकोळ विराम ठरला असता. बैलाच्या हिशेबात तो जवळजवळ एक संपूर्ण पिढी होता. म्हणून बंदी हा जिवंत वारशासाठी तटस्थ निर्णय नसतो.

२४/ आणि म्हणूनच ‘परंपरा’ हा शब्दही तटस्थ नाही. मोटारीवर जेवढा जोर द्यावा तेवढी ती धावते. तिच्या बाबतीत क्रूरता ही कल्पनाच लागू होत नाही. बैलाचे जतन करायचे म्हणणाऱ्याला त्याच्या पाठीवरच्या वळाचाही जाब द्यावा लागतो. जिवंत वस्तूचा वारसा सांगताना दोन्ही अटी एकदम येतात : वंश टिकला पाहिजे आणि त्या वंशातला आज समोर उभा असलेला जीवही सुखात राहिला पाहिजे. एक सांभाळून दुसरी सोडणे हे जतन नव्हे.

२५/ शेवटचा मुद्दा घाटात सहसा कोणी काढत नाही. घड्याळात सेकंद मोजले जातात ते बैलाचे. पण बैल जन्माला येतो खिल्लार गायीच्या पोटी. तिचे दूध बेताचे, म्हणून डेअरीच्या हिशेबात ती बसत नाही. तिला बक्षीस नाही, मिरवणूक नाही, लाखांचा सौदाही विरळाच. माणदेशातले पशुपालक कोरड्या माळावर तिला सांभाळतात, तोवर राजुरीच्या पंचक्रोशीतल्या यात्रेला गाडा पळेल. फाल्कनचे सुटे भाग नव्याने ओतता येतात. या गायीची दावण एकदा रिकामी झाली, तर घाट, घोडी, घड्याळ आणि न्यायालयाची परवानगी, सारे असूनही जुंपायला काही उरणार नाही.

(थ्रेड समाप्त)